उड्यांच्या मधल्या जागेचे मार्क

मी फिगर स्केटिंगच्या स्पर्धेत आयुष्यात पहिल्यांदा ट्रान्झिशन्सचा, म्हणजे दोन उड्यांच्या मधे जे करतात त्याचा, मार्क दिला तो होता ६.७५. शेजारच्या तीन खऱ्या जजेसचे होते ४.७५, ५.०० आणि ५.००. म्हणजे मी जवळजवळ दोन मार्क वर, आणि या खेळात लोक पाव मार्कावरून रात्ररात्र भांडतात. इव्हेंट संपल्यावर तिथल्या सीनिअर बाईंनी माझा कागद हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि अगदी शांतपणे विचारलं, हा मुलगा वर्ल्ड्सला चाललाय का? मला क्षणभर वाटलं खरंच विचारतायत.

आधी जरा मागचं सांगते. मी डोंबिवलीची, गेली बरीच वर्षं मॅसॅच्युसेट्समधे, बॉस्टनपासून तासाभरावरच्या एका गावात. बर्फाशी लहानपणी संबंध आला तो गोळेवाल्यापुरता. मुलगी सात वर्षांची असताना कोणाच्या तरी बर्थडे पार्टीला रिंकवर गेली आणि तिथेच चिकटली, मग दोनेक वर्षं मी काचेमागे थर्मास घेऊन उभी, मग उभं राहून पाय दुखतातच तर निदान पडून तरी दुखू देत म्हणून अ‍ॅडल्ट क्लासला नाव घातलं. पेशाने मी ऑडिटवाली, त्यामुळे क्लबच्या स्पर्धेत हिशोबाच्या टेबलावर मदतीला बसवलं, आणि तिथून कोणीतरी म्हणालं की तुला एवढं कळून घ्यायचंय तर ट्रायल जजिंग कर ना.

ट्रायल जजिंग म्हणजे खऱ्या जजेसच्या आसपास बसून त्याच स्केटर्सना आपणही मार्क द्यायचे. ते निकालात धरत नाहीत, पण नंतर पॅनेलच्या मार्कांशी ताडून बघतात आणि का दिलेस ते विचारतात. हे वर्षानुवर्षं चालतं, पैसे शून्य, पेट्रोल आपलं, थंडी मात्र फुकट. मी सुरुवात केली २०१८च्या ऑक्टोबरात, आणि ज्युनिअर मुलांचा तो इव्हेंट खरं तर माझ्या लेव्हलचा नव्हताच, पण त्या बाई म्हणाल्या की कागद घे आणि बस, सराव म्हणून. या बाई हुबेहूब आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगच्या सेक्रेटरी काकूंसारख्या होत्या, तोच अंबाडा, तोच पाण्याच्या टाकीचा वाद एका वाक्यात मिटवणारा आवाज, त्यामुळे मी मनातल्या मनात त्यांना सेक्रेटरी काकूच म्हणायचे. तोंडावर अर्थात पहिलं नाव, इकडे सत्तरीच्या बाईलाही नावानेच हाक मारतात, मला अजून जड जातं.

आता ट्रान्झिशन्स म्हणजे काय ते थोडक्यात. २००२च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमधे पेअर्सच्या, म्हणजे जोडीने स्केटिंगच्या, निकालावरून मोठा राडा झाला, त्यानंतर ६.० पैकी मार्क द्यायची जुनी पद्धत गेली आणि २००४पासून नवीन आली. नवीन पद्धतीत दोन ढीग. एक टेक्निकल, म्हणजे जंप, स्पिन, फुटवर्क हे एलिमेंट्स, प्रत्येकाची ठरलेली किंमत आणि ते किती छान झालं त्याचे अधिक-उणे. दुसरा ढीग कंपोनंट्सचा, तेव्हा ते पाच होते, स्केटिंग स्किल्स, ट्रान्झिशन्स, परफॉर्मन्स, कॉम्पोझिशन, इंटरप्रिटेशन, प्रत्येकाला ०.२५पासून १०पर्यंत, पाव पाव मार्कांच्या पायऱ्या, आणि ५ म्हणजे अ‍ॅव्हरेज. ट्रान्झिशन्स म्हणजे दोन एलिमेंट्सच्या मधे जे काही करता ते, टर्न, स्टेप्स, स्प्रेड ईगल, इना बावर (दोन्ही पाय बर्फावर पसरून सरकायचे प्रकार), अंगाच्या हालचाली, शिवाय एलिमेंटमधे शिरताना आणि बाहेर पडताना काय करता तेही. बघायच्या गोष्टी चार, सलगपणा, विविधता, कठीणपणा आणि दर्जा.

यातला कठीणपणा माझ्या मानेवर बसला. कारण उडी किती कठीण ते टेबलात छापलंय, स्पिनची लेव्हल टेक्निकल पॅनेल ठरवतं, रिप्ले बघून, तिघंजण बसून. ट्रान्झिशन किती कठीण ते मात्र कुठेच छापलेलं नाही. ते जजने एकट्याने, प्रोग्राम चालू असताना, डोळ्याने ठरवायचं, आणि त्याच वेळी बाकी चार कंपोनंट्स आणि प्रत्येक एलिमेंटचे अधिक-उणेही द्यायचे. छापील आकडा नसला की ऑडिटवाला अस्वस्थ होतो. मी ठरवलं की आपण मोजायचं.

त्यासाठी मी माझी लिपी बनवली, तिचा मला अजून अभिमान आहे. वळायच्या प्रकारांत थ्री टर्नला ३, ब्रॅकेटला ब्र, रॉकरला रॉ, काउंटरला का, मोहॉकला मो, चॉक्टॉला चॉ, ट्विझलला गोल, स्प्रेड ईगलला आडवी रेघ, आणि साध्या क्रॉसओव्हरला, म्हणजे पायावरून पाय टाकत वेग घेण्याला, एक ठिपका. व्हाउचरवर मान वर न करता टिका मारायची सवय होतीच, इथे उलटं, मान खाली न घालता लिहायचं. तो पहिला मुलगा आला, निळा शर्ट, केस छान विंचरलेले, आणि त्याने साडेतीन मिनिटांत काय काय केलं म्हणता, हात वर, हात खाली, कंबरेतून वाकणं, टर्नवर टर्न, माझा कागद भरून गेला, प्रोग्राम संपल्यावर मोजलं तर ४३ खुणा आणि ठिपके जेमतेम. मी छाती फुगवून ६.७५ लिहिले. हाच तो वर्ल्ड्सला निघालेला.

काकूंनी माझा कागद टेबलावर पसरला आणि लाल पेनाने खोडायला सुरुवात केली. हे फुटवर्कमधले टर्न, हे वजा, फुटवर्क हे स्वतःच एलिमेंट आहे, त्याची किंमत त्याला वेगळी मिळते. तेरा गेले. मग फ्लिप या उडीच्या आधीचा ३, तो वजा. मी म्हटलं का, टर्न केलाय की त्याने. त्या म्हणाल्या, फ्लिपमधे शिरायचा नेहमीचा रस्ताच तो आहे, फॉरवर्ड येतोयस तर मागे वळायला काहीतरी करावं लागणारच, थ्री टर्न किंवा मोहॉक, त्याला बक्षीस कसलं? साल्काव उडीचंही तेच. मला एकदम कळलं, कारण ही माझ्या धंद्यातली चूक होती, एकच खर्च दोन खात्यांत धरलेला. उडीच्या मूळ किमतीत जे आधीच धरलंय ते मी ट्रान्झिशन्समधे परत जमा करत होते. मग राहिलेल्यांतले बरेचसे हळू वेगात, दोन्ही पायांवर उभं राहून, संगीत थांबलेलं असताना केलेले. ते खोडले नाहीत, पण प्रत्येकाच्या बाजूला बारीक प्रश्नचिन्ह काढलं. शेवटी कागदावर लाल-निळी रांगोळी झाली आणि तीत सुटे सुटे आठ-नऊ टर्न उरले.

मग त्यांनी शेवटचं विचारलं, यातल्या किती गोष्टी उडीच्या अगदी आधी किंवा अगदी नंतर होत्या? मी बघितलं. एकही नाही. पोराने प्रत्येक उडीच्या आधी मस्तपैकी पाच-सहा क्रॉसओव्हर मारलेले, मग लांबच लांब मागे घसरत जाणं, खांद्यावरून वळून वळून बघत, स्टेशनबाहेर रिक्षा येतेय का बघावं तसं, आणि मग उडी. नंतर लँडिंगवर हात पसरून आरामात उभा. सगळे टर्न मधल्या मोकळ्या जागेत, जिथे काही धोकाच नाही. म्हणजे पुरणपोळी लाटताना पुरण सगळं मधेच राहावं आणि कडा नुसत्या कणकेच्या व्हाव्यात, माझ्या सासूबाई अशी पोळी परत कढईकडे पाठवतील, आणि मी तिला ६.७५ दिले होते.

घरी येताना कारमधे हेच डोक्यात. मग पुढचे दोनतीन महिने रोज रात्री जेवणं उरकली की लॅपटॉप घेऊन बसायचे आणि मोठमोठ्या मुलांचे प्रोग्राम बघायचे, आवाज बंद करून. आवाज बंद हा काकूंचा सल्ला, म्हणाल्या म्युझिक तुला फितवतं. आणि दुसरा सल्ला, स्क्रीनच्या वरच्या अर्ध्यावर कागद लाव. खरंच लावला, चिकटपट्टीने, नवरा म्हणाला आता स्क्रीनला पण पदर घेतलास का. पण काय फरक पडतो सांगू, हात दिसेनासे झाले की निम्म्या प्रोग्राम्समधे नुसते क्रॉसओव्हरच उरतात! मला जो माणूस प्रचंड बिझी वाटायचा तो पायाने निवांत फिरत असतो, आणि जो मला साधा वाटायचा त्याचे पाय क्षणभर स्वस्थ नसतात.

बघायला सुरुवात अर्थात व्हँकुव्हर २०१०पासून केली, कारण ट्रान्झिशन्स म्हटलं की ते भांडण येतंच. रशियाचा एव्हगेनी प्लुशेन्को, २००६चा चॅम्पियन, क्वाड-ट्रिपल (चार फेऱ्यांची उडी आणि लगेच तीनची) मारणारा, आणि अमेरिकेचा एव्हन लायसाचेक, ज्याने एकही क्वाड केला नाही आणि गोल्ड नेलं. ऑलिंपिकच्या जरा आधी एका अमेरिकन जजची ईमेल बाहेर फुटली होती, ट्रान्झिशन्सवर लक्ष द्या अशा अर्थाची, आणि त्यात दाखला होता तो प्लुशेन्कोच्याच बोलण्याचा, की माझ्याकडे आणि फ्रान्सच्या ब्रायन जुबेरकडे ट्रान्झिशन्स नाहीत कारण आमचं लक्ष उड्यांवर. मग काय, रशियात आग. आजही कुठे विषय निघाला की लोक म्हणतात ट्रान्झिशन्सने प्लुशेन्कोचं गोल्ड नेलं.

मी ऑडिटवाली, मी आधी शीट काढली. लायसाचेक एकूण २५७.६७, प्लुशेन्को २५६.३६, फरक १.३१. पहिल्या भागानंतर, म्हणजे शॉर्ट प्रोग्रामनंतर, तर प्लुशेन्कोच पुढे होता, ९०.८५ला ९०.३०. आणि दुसऱ्या भागात, फ्री स्केटमधे, दोघांची कंपोनंट्सची बेरीज किती? ८२.८० आणि ८२.८०. अगदी तेच. मी दोनदा बघितलं, मला वाटलं एकाचाच कागद दोनदा उघडलाय. सगळा फरक टेक्निकल ढिगातला, ८४.५७ विरुद्ध ८२.७१. म्हणजे ट्रान्झिशन्सला जे कमी मिळालं ते प्लुशेन्कोने बाकीच्या कंपोनंट्समधे भरून काढलं होतं. लायसाचेकने मात्र जास्त उड्या दुसऱ्या अर्ध्या भागात टाकल्या होत्या, तिथे तेव्हा दहा टक्के बोनस असायचा. हे कळल्यावर मला दोन दिवस उगाचच फार शहाणं झाल्यासारखं वाटलं.

पण दुसऱ्या बाजूने बघा. पुरुषांच्या फ्रीमधे तेव्हा प्रत्येक कंपोनंटला दोनने गुणायचे. म्हणजे पॅनेलचा ट्रान्झिशन्सचा अ‍ॅव्हरेज पाव मार्काने हलला तर टोटल अर्ध्याने हलते. १.३१ उलटवायला एकाच कंपोनंटमधे ०.६६ पुरे. हे कागदावर मांडलं तेव्हा मात्र मी निळ्या शर्टाला दिलेले ६.७५ आठवून पोटात गोळा आला, कारण मी तर एका झटक्यात पावणेदोन मार्क उधळले होते. (नऊ जजेस असतात तेव्हा सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा मार्क उडवतात, ते माझ्यासारख्यांसाठीच असणार.)

एवढं सगळं कळूनही कठीण म्हणजे नक्की काय हे काही हाती लागत नव्हतं. रॉकर कठीण की काउंटर कठीण, पुस्तकात आकृत्या असतात, मी त्या पाठ केल्या. ते लागलं शनिवारी सकाळच्या अ‍ॅडल्ट सेशनला.

थ्री टर्न मला येत होता. एका पायावर वळायचं, पात्याच्या बाहेरच्या कडेवरून आतल्या कडेवर, आणि शरीर ज्या बाजूला वळत चाललंय त्याच बाजूला फिरतं, त्यामुळे तो जवळपास आपोआप होतो. काउंटरमधे तसं नाही. एकाच पायावर वळायचं, कड बदलायची नाही, बाहेरची ती बाहेरचीच, आणि वर्तुळ ज्या बाजूला नेतंय त्याच्या उलट फिरायचं. म्हणजे चालत्या बसमधे बस डावीकडे वळत असताना आपण उजवीकडे गिरकी घ्यायची, एका पायावर, आणि पाय जमिनीला लावायचा नाही. कोचने मला कठडा धरून दहा वेळा करायला लावलं. अकराव्या वेळी मी म्हटलं आता सोडते, सोडला, आणि उजव्या मनगटावर जी आपटले की तीन आठवडे पोळ्या नवऱ्याने लाटल्या. (त्या पोळ्यांबद्दल इथे काही लिहीत नाही.)

पण पडल्या पडल्याच, खरं सांगते, बर्फावर बसल्या बसल्याच, मला जपानच्या युझुरू हान्यूचा अ‍ॅक्सल समजला. २०१६ची वर्ल्ड्स आमच्या बॉस्टनलाच झाली होती, टीडी गार्डनमधे, आम्ही मायलेकी वरच्या स्वस्त सीट्सवर. हान्यूने शॉर्टमधे ११०.५६ घेतले, अख्खं स्टेडियम उभं, आणि फ्रीमधे हावियेर फर्नांडेझने २१६.४१ काढून त्याला मागे टाकलं. तेव्हा मी फक्त उंच उडी, न पडणं एवढंच बघत होते. अ‍ॅक्सल ही एकच उडी पुढे तोंड करून मारतात. नेहमीची रीत अशी की मागे घसरत यायचं, मग पाय बदलून पुढच्या बाहेरच्या कडेवर पाऊल टाकायचं आणि उडायचं, त्या पाऊल टाकण्यात सेकंदभर का होईना सावरायला, अंदाज घ्यायला जागा मिळते. हान्यूची खासियत म्हणजे तो मागे घसरताना बॅक काउंटर मारतो, म्हणजे जिथे माझं मनगट गेलं तेच उलट दिशेने, आणि त्याच पायावरून, त्याच कडेवरून, पाऊल न बदलता साडेतीन फेऱ्यांची उडी. आधीचं वर्तुळ शरीराला एका बाजूला नेत असतं, आणि काउंटरला आणि लगेच अ‍ॅक्सलला उलट्या बाजूला फिरायचंय. सावरायला वेळच नाही. आणि हा माणूस उडीच्या आधी कुठे बघतो, तर कुठेच नाही, रिक्षा दारातच उभी असल्यासारखा.

त्या दिवसापासून माझी लिपी बदलली. आता मी सगळं टिपत नाही. उडीच्या आधी आणि नंतर दोन कप्पे आखते आणि फक्त त्यांत लिहिते, मधल्या मोकळ्या जागेसाठी एकच खूण. कठीणपणा टर्नच्या नावात नसतोच मुळी, तो टर्न कुठे ठेवलाय त्यात असतो. कुठल्या वेगात, कुठल्या पायावर, दोन्ही दिशांना फिरतोय का एकाच, आणि पुढे काय वाढून ठेवलंय. रॉकर रिंकच्या कोपऱ्यात सावकाश केला तर तो सराव आहे, लुट्झ या उडीच्या तोंडाशी केला तर जिवावरचं काम, कारण लुट्झला मागची बाहेरची कड उडेपर्यंत धरून ठेवायची असते आणि फिरायचं मात्र तिच्या विरुद्ध. जरा आधीच्या टर्नची गिरकी अंगात उरली की कड आत सांडते आणि लुट्झचा फ्लिप होतो.

आणि कान. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. रिंकच्या कडेला बसलं की बर्फ ऐकू येतो. खोल, स्वच्छ कडेवरून केलेल्या टर्नचा आवाज म्हणजे कापड फाडल्यासारखा एकच लांब, आणि घसटत केलेल्या टर्नचा खर्रर्र, किसणीवर सुकं खोबरं ओढावं तसा. टीव्हीवर हे कळत नाही, तिथे म्युझिक वरचढ. कधी कधी मी खाली लिहीत असते आणि खर्रर्र ऐकूनच दर्जाच्या कप्प्यात उणं टाकते. तसंच वेगाचं, कॅमेरा स्केटरबरोबर फिरतो म्हणून सगळेच सारख्या वेगाचे वाटतात, समोर बसलं की एखादा गेला की गार वारा तोंडावर येतो आणि एखादा गेला की येत नाही.

पुढच्या फेब्रुवारीत पुन्हा ज्युनिअर मुलं. पाचच जण. तिसरा मुलगा साधा काळा शर्ट, हातांना काही वळण नाही, म्हणजे खरंच, पिशव्या घेऊन चालल्यासारखे हात, आणि माझ्या पहिल्या पद्धतीने मोजलं असतं तर पंधरा खुणाही भरल्या नसत्या. पण डबल अ‍ॅक्सलला तो बॅक काउंटरवरून आला. मी पेन धरलेला हात उचलला. उडी छोटीच, पण उतरला, आणि उतरल्या पायावरच, दुसरा पाय न टेकता, लगेच एक ब्रॅकेट, मग लांब स्प्रेड ईगल आणि त्यातून उठून सरळ पुढच्या स्पिनमधे. त्या दहा-बारा सेकंदांत एक क्रॉसओव्हर नाही. पूर्ण प्रोग्राममधे असे तुकडे तीनच होते, बाकी ठिपकेच ठिपके. मी ५.५० दिले. पॅनेल ५.२५, ५.५०, ५.७५. काकूंनी कागद बघितला, काही न बोलता पुढच्याला दिला, आमच्या बिल्डिंगमधे हे असं झालं की समजायचं मेंटेनन्सचा हिशोब पास.

सगळं असं सुरळीत झालं असतं तर बरं होतं. चौथा मुलगा आला तो ट्रिपल साल्कावमधे स्प्रेड ईगलवरून शिरला आणि धपकन पडला, दुसऱ्यांदा ट्रिपल टो-लूपच्या आधी ट्विझल केला आणि उडीच हवेत सुटून सिंगल झाली. आता? ट्रान्झिशन कठीण होतं हे नक्की, पण त्यानेच उडी गेली. एक जज म्हणाले, प्रयत्न केलाय, धोका पत्करलाय, मार्क द्यायला हवा. काकू म्हणाल्या, ज्याने पुढचं एलिमेंट मोडतं ते जोडणारं कसं, आणि पडून उठेपर्यंतचा सलगपणा गेला तो वेगळाच. मी मधे ४.७५वर बसले आणि दोन्हीकडून बोलणी खाल्ली. माझं मत अजून तेच आहे, अर्धं तरी द्यावं, कारण नाही दिलं तर पुढच्या वर्षी तोच मुलगा पाच क्रॉसओव्हर मारून रिक्षा बघत उडी मारणार, आणि त्याच्या कोचचं काही चुकणार नाही, टेबलच तसं सांगतंय.

कारण हिशोब खरंच तसा आहे. सोपी सुरुवात करून साल्काव उभा राहिला तर त्याची पूर्ण किंमत मिळते, पडला तर अर्धी किंमत जाते आणि वर पडल्याचा दंड. कठीण सुरुवातीने मिळतं काय, तर त्या वर्षीपासून अधिक-उणे तीनचे पाच झाले होते, त्यात सहा मुद्द्यांपैकी एक मुद्दा उडीच्या आधीच्या स्टेप्सचा किंवा अनपेक्षित एंट्रीचा, आणि कंपोनंटमधे कदाचित पाव मार्क. तोही कदाचितच, कारण जजेसचे पाचही कंपोनंट एका दोरीत बांधल्यासारखे वरखाली जायचे. कोणी मोठा क्वाड मारला की त्याच्या ट्रान्झिशन्सलाही नऊ यायचे, आणि बहुतेक शीटवर ट्रान्झिशन्सचा मार्क बाकीच्यांपेक्षा पाव-अर्धा खाली, सवयीनेच, कोणी बघून कमी केला असं वाटायचंच नाही. मीही हे केलंय. थंडीत बोटं आखडलेली असतात, पुढचा मुलगा वॉर्मअप करून उभा असतो, आणि हात आपोआप स्केटिंग स्किल्सच्या आकड्यातून पाव वजा करून लिहून टाकतो. त्याची मला लाज वाटते म्हणूनच ते दोन कप्पे.

आणि म्हणूनच जेसन ब्राउनसारख्यांचं मला फार कौतुक. २०१४च्या जानेवारीत बॉस्टनलाच अमेरिकन नॅशनल्स होत्या, आयरिश म्युझिकवरचा त्याचा फ्री आम्ही समोरून बघितला, लोक संपायच्या आधीच उभे राहिले होते. मला तेव्हा ट्रान्झिशन हा शब्दही माहीत नव्हता, मी मुलीला एवढंच विचारलेलं आठवतं की अगं हा श्वास कधी घेतो? एकही क्वाड नाही. २०२२ला बीजिंग ऑलिंपिकमधे, जिथे नेथन चेन फ्रीमधे पाच क्वाड मारून एकूण ३३२.६०वर जिंकला, तिथे ब्राउन बिनक्वाडचा सहावा आला. मागे जाऊन तो बॉस्टनचा प्रोग्राम मी आता दोन कप्प्यांच्या कागदावर उतरवला, तर मधली मोकळी जागा लिहायची वेळच येत नव्हती, आधीचा आणि नंतरचा कप्पा एकमेकांत शिरत होते. एकाचं बाहेर पडणं तेच दुसऱ्याचं आत शिरणं. गाणारा तान घेऊन समेवर येतो आणि समेवरूनच पुढची उचलतो ना, तसं.

मग २०२२-२३च्या सीझनपासून पाचाचे तीन कंपोनंट झाले, कॉम्पोझिशन, प्रेझेंटेशन आणि स्केटिंग स्किल्स, आणि ट्रान्झिशन्सचा वेगळा रकाना गेला. कारण दिलं की जजेसवर फार ओझं होतं, जे खरंच होतं. आता एलिमेंट्स कसे जोडलेत ते मुख्यतः कॉम्पोझिशनमधे बघायचं, तिथेच रचनेतलं वेगळेपण, बर्फाचा वापर, संगीताशी मेळ, सगळी खिचडी. हे ठरल्यावर मी काकूंना फोन केला, चांगली अर्धा तास कुरकुर केली. त्या म्हणाल्या, रकाना गेला, मुलं अजून वळतायतच ना, बघत जा. मला ते तेवढं पटलं नाही. ऑडिटमधे एखादं खातं दुसऱ्यात विलीन केलं की वर्षभरात त्यातला पैसा कुठे गेला कोणी विचारत नाही, तसंच इथे होताना दिसतंय, कॉम्पोझिशनला ७ दिले म्हणजे नक्की कशाला दिले ते शीटवरून सांगता येत नाही. आमच्याकडच्या लहान स्पर्धांत तर पोरांच्या प्रोग्राममधे रिक्षाची वाट बघणं वाढलंय असं माझं मत आहे, मोजून सिद्ध करायला गेले तर काकू परत लाल पेन काढतील.

माझ्या कागदावर दोन कप्पे अजून आहेत. आणि शनिवारी सकाळी डाव्या पायाचा काउंटर होतो, कठड्याशिवाय, दहातून सहा वेळा. उजव्या पायाचा मधेच कड बदलून थ्री होतो, आणि कोच लांबूनच खर्रर्र ऐकून मान हलवते.